सर, पांडुरंग सेव्ह होत नाही

प्रश्न

ताई, मी मूळची पाथरीची. नांदेडला इंजिनिअरिंग केलं आणि आठ महिन्यांपासून छत्रपती संभाजीनगरला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आम्ही बाजार समित्या आणि अडत्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. मला एक सीनियर सर मेंटॉर म्हणून दिलेत. माणूस वाईट नाही, पण काही विचारलं की "आधी तू बघ", नाहीतर "गूगल कर". माझ्या कोडवर तीस-तीस कॉमेंट टाकतात. माझ्यासोबत लागलेला मुलगा त्यांच्याबरोबर चहाला जातो, त्याला सगळं तिथंच कळतं. मी कधी उलट बोलत नाही. सर सांगतील त्याला हो म्हणते, त्यांना त्रास नको म्हणून शक्यतो विचारतच नाही. रात्री रूमवर एआयला विचारून काम उरकते.

मागच्या महिन्यात एक रिपोर्ट फार हळू चालत होता. सर म्हणाले, तारखेच्या कॉलमवर इंडेक्स टाक. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, तारखेवर ट्रंक (वेळ छाटणारं फंक्शन) लावलेलं होतं, त्यामुळे उपयोग होणार नाही असं मला मनातून वाटत होतं. पण सर म्हणाले म्हणून टाकला. रिपोर्ट तसाच. मी दोन दिवस गप्प राहिले. शेवटी ग्राहकाचा फोन आला, सगळं बाहेर पडलं आणि सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस?" मला रडूच आलं.

आता पुण्यातल्या एका क्लासवाल्यांचा फोन येतोय. वैयक्तिक मेंटॉरशिप, साठ हजार रुपये, हप्ते चालतील, मोठ्या कंपनीत नोकरीची हमी. बाबा म्हणतात भर. भरू का? की माझ्यातच काही कमी आहे?

— भिडस्त, पाथरी

उत्तर

प्रिय भिडस्त,

टोपणनाव तू स्वतःच निवडलंस, त्यामुळे माझं अर्धं काम झालं. "मी कधी उलट बोलत नाही" हे वाक्य तू स्वतःच्या बाजूनं लिहिलंयस. मला मात्र तिथंच पाणी मुरताना दिसतंय.

तो इंडेक्सचा प्रसंग आधी नीट बघू. इंडेक्स म्हणजे तारखा क्रमानं लावून ठेवलेली यादी. क्वेरीनं थेट तारीख विचारली तर डेटाबेस त्या यादीत बरोबर जागेवर जातो आणि हव्या तेवढ्याच ओळी काढतो. तुमची क्वेरी म्हणत होती, आधी प्रत्येक तारखेमागची वेळ छाट आणि मग ती आजची आहे का ते बघ. छाटलेल्या तारखांची यादी त्याच्याकडे नव्हतीच. मग तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं टेबल वाचत बसला. क्वेरी बदलून 'काल रात्री बारापासून आज रात्री बाराच्या आधीपर्यंत' अशी अट घातली असती तर काम झालं असतं, किंवा ट्रंकसकट फंक्शन-बेस्ड इंडेक्स, म्हणजे छाटलेल्या तारखांचीच यादी, करता आला असता. म्हणजे तुझं बरोबर होतं, आणि आठ महिन्यांत एवढं दिसायला लागलं याचं मला कौतुक आहे.

मग बारा गावचं पाणी प्यालेल्या सरांना ते का दिसलं नाही? कारण त्यांनी क्वेरी उघडलीच नव्हती. 'रिपोर्ट स्लो आहे' एवढं ऐकलं आणि खुर्चीतून सल्ला दिला. उंटावरून शेळ्या हाकल्या म्हण. पण सीनियर माणसाला दिवसभर हेच करावं लागतं. चार जणांची चार कामं, प्रत्येकाच्या फायली उघडून बघायला त्याला वेळ नसतो. तो तू दिलेल्या माहितीवर बोलतो आणि जी दिली नाहीस ती अंदाजानं भरतो. ट्रंक त्यांना माहीत नव्हतं, तुला माहीत होतं. "सर, क्वेरीत तारखेवर ट्रंक आहे, तरी इंडेक्स चालेल का?" एवढंच विचारायचं होतं. यात उलट बोलणं कुठं आलं?

पहिल्या वेळी गप्प राहिलीस ते मी समजू शकते. इंडेक्स टाकल्यावरही रिपोर्ट तसाच राहिला, त्यानंतरचे दोन दिवस मात्र महागात पडले. तेव्हा तुझ्याकडे पुरावा होता. एक्स्प्लेन प्लॅन (डेटाबेस क्वेरी कशी चालवतो त्याचा तपशील) काढला असतास तर पूर्ण टेबल वाचलं जातंय हे तिथं लिहूनच आलं असतं. तो सरांपुढे ठेवायचा. सरांशी वाद घालायची वेळच आली नसती, डेटाबेसच बोलला असता.

आणि सगळ्यांसमोर बोलले ते त्यांचं चुकलंच, त्याचं मी समर्थन करत नाही. पण ते काय बोलले ते पुन्हा वाच. "तुला कळत नाही" असं म्हणाले नाहीत. तुला ठाऊक होतं, हे त्यांनी सगळ्या ऑफिससमोर कबूल केलं. रडण्याच्या भरात ते तुझ्या कानावरून गेलं.

आपल्याकडे ही सवय शाळेपासून लागते. बाई विचारतात, "समजलं का?" वर्ग एका सुरात "होऽऽ". ज्याला समजलं नाही तो सगळ्यात मोठ्यानं, म्हणजे बाई त्याला उठवत नाहीत. पुढे कॉलेजात सबमिशनच्या दिवसांत मान खाली घालून फायलीवर सही घेणारी पोरगी गुणाची ठरते. घरी तर विचारूच नको. या गुणावर माणूस डिग्रीपर्यंत सुखरूप पोचतो आणि पहिल्या नोकरीत आपटतो, कारण 'हो सर' ऐकलं की सरांच्या लेखी विषय संपतो. ते पुढच्या कामाला लागतात. तुला काम कळलेलं नाही हे त्यांना थेट ग्राहकाच्या फोनवरून समजतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

आदर ठेव. 'सर' म्हण, हवं तर उठून उभी राहा. फक्त न कळलेल्या गोष्टीला हो म्हणू नकोस. त्याऐवजी म्हण, "सर, मी काय समजले ते सांगते, चुकलं तर थांबवा." आणि ते काम स्वतःच्या शब्दांत सांग. कुठं अडखळतेस ते तुलाही दिसेल, त्यांनाही. दोन मिनिटं जास्त जातील, दोन दिवस वाचतील.

आता "आधी तू बघ" या वाक्याकडे. हे वाक्य माझ्याही तोंडात असतं, त्यामुळे त्याची आतली बाजू सांगू शकते. कधीकधी तो निव्वळ कंटाळा असतो. पण बहुतेक वेळा समोरच्यानं किती बघितलंय याचा पत्ताच लागत नाही, म्हणून ते निघतं. प्रश्नावरूनच कळलं पाहिजे की ही पोरगी कुठपर्यंत जाऊन आलीय.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घेऊ. शेतकऱ्याची नोंद करायची, हिशोबपट्टीवर नाव मराठीत हवं. फॉर्म भरला, सेव्ह दाबलं, एरर. यावर फ्रेशर मुलं काय करतात ते मी रोज बघते. मोबाईलनं मॉनिटरचा फोटो काढतात, तिरका, त्यात ट्यूबलाईटचा पट्टा, एररची ओळ उजवीकडे कापलेली. तो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात आणि खाली, "सर, एरर येतोय." यावर 'आधी तू बघ' याशिवाय काय उत्तर द्यायचं? मी देवाला मानते, पण मला अजून दिव्यदृष्टी मिळालेली नाही.

आता दुसरा मेसेज बघ. "सर, शेतकरी नोंदणीत पहिलं नाव मराठीत टाकलं की काही नावं सेव्ह होतात, काही होत नाहीत. विठ्ठल, गणेश, बालाजी होतात. पांडुरंग, ज्ञानेश्वर, दत्तात्रय होत नाहीत. एरर ओआरए-१२८९९, व्हॅल्यू टू लार्ज. पांडुरंगसाठी अ‍ॅक्च्युअल २४ आणि मॅक्झिमम २० दाखवतोय. कॉलमची लांबी २० आहे हे बघितलं. पण पांडुरंग चारच अक्षरांचा आहे, २४ कुठून आले ते कळत नाही. मराठी अक्षरं मोजण्यात काही फरक असावा असं वाटतंय."

हा मेसेज वाचून सर खुर्चीत सरळ होऊन बसतील. एका ओळीत उत्तर देता येईल असा प्रश्न आहे हा. ओरॅकल या डेटाबेसमध्ये कॉलमची लांबी वेगळं काही सांगितलं नाही तर बाइटमध्ये (साठवणीच्या एककात) धरली जाते, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. चिन्ह म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. काना वेगळा, उकार वेगळा, अनुस्वार वेगळा, पाय मोडायचं चिन्हही वेगळं. पांडुरंगात अशी ८ चिन्हं, म्हणून २४. विठ्ठलात ६, म्हणून १८, तो बसतो. ज्ञानेश्वरात १०, ३० बाइट. पंढरपूरला विठ्ठल आणि पांडुरंग एकच, ओरॅकलला दोन. लांबी बाइटऐवजी अक्षरचिन्हांत मोजायला सांगितली, म्हणजे कॉलमच्या व्याख्येत २० च्या पुढे 'कॅर' लिहिलं, की सगळे आत. (कॉलम बनवताना कुणीतरी 'टेस्ट', 'एबीसी' असली इंग्रजी नावं टाकून तपासलं असणार. आपेगाव-पैठणच्या मुलखात ज्ञानेश्वराला अडवणारं सॉफ्टवेअर घेऊन बाजार समितीत जायचं म्हणजे कमालच.)

दुसऱ्या मेसेजात एररचा मजकूर पूर्ण आहे, फोटो नाही. काय चाललं आणि काय चाललं नाही, दोन्ही आहे. स्वतःचा अंदाजही आहे, आणि तो अर्धवट असला तरी चालतो. आणखी एक गंमत आहे. असा मेसेज लिहायला बसलं की बऱ्याचदा तो पाठवायची वेळच येत नाही, लिहिता लिहिता '८ गुणिले ३' डोक्यात पेटतं. प्रोग्रामर लोक यासाठी टेबलावर रबरी बदक ठेवतात आणि त्याला अडचण समजावून सांगतात. आपल्याकडे देव्हाऱ्यातला बाळकृष्ण चालेल, तोही मध्ये बोलत नाही.

मग विचारायच्या आधी स्वतः किती वेळ घालवायचा? तुझ्या ऑफिसपासून देवगिरीचा किल्ला लांब नाही. एकनाथांची तिथली गोष्ट तुला माहीत असेल. जनार्दनस्वामींनी हिशोबाचं काम सोपवलं, एका पैची चूक लागेना, नाथ रात्रभर दिवा लावून बसले, पहाटे चूक सापडली आणि आनंदानं टाळी वाजवली. ती टाळी ऐकून स्वामींना शिष्य कळला असं सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते, कारण बग सापडल्यावरची टाळी आमच्या धंद्यात रोज वाजते. पण नाथांच्या मागे रिलीजची तारीख नव्हती. तू तास-दीड तास मनापासून शोध. तेवढ्यात नवीन काहीतरी कळत असेल तर आणखी थोडा वेळ घे. तेच तेच करून बघायला लागलीस की थांब आणि विचार. सकाळच्या स्टँडअपला (टीमच्या छोट्या मीटिंगला) "काम चालू आहे" म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा "काम चालू आहे" म्हणू नकोस. "अडकलेय, अमुक ठिकाणी" असं म्हण. अडकण्याची लाज नसते, चार दिवसांनी सांगण्याची असते.

एका बाबतीत मात्र एक मिनिटही थांबायचं नाही. खऱ्या डेटावर वेअर (कोणत्या ओळी बदलायच्या ती अट) न लावता अपडेट चालवलीस, चुकीचं टेबल रिकामं केलंस, तर कमिट करू नकोस (म्हणजे बदल कायमचा करू नकोस), काही सावरायला जाऊ नकोस, आहे तशी सरांच्या टेबलापाशी जा. दर मिनिटाला ते निस्तरणं अवघड होत जातं.

चॅटवर "हाय सर" टाकून उत्तराची वाट बघत बसत असशील तर तेही बंद कर. ताकाला जाऊन भांडं लपवणं आहे ते. सर मीटिंगमध्ये असतात, तासाभरानं "बोल" म्हणतात, तोवर तू जेवायला गेलेली असतेस, अशानं अख्खा दिवस जातो. नमस्कार आणि प्रश्न एकाच मेसेजमध्ये. शक्य असेल तर टीमच्या ग्रुपवर, म्हणजे सर नसले तर दुसरं कुणी सांगेल. हे तुला जड जाणार, सगळ्यांना आपलं अज्ञान दिसेल म्हणून. दिसू दे. तोच प्रश्न मनात दाबून बसलेला दुसरा कुणीतरी तुला मनातल्या मनात धन्यवाद देईल.

उत्तर मिळाल्यावर पुढे काय झालं ते सरांना सांगतेस का? बहुतेक जण सांगत नाहीत. औषध घेऊन गेलेला पेशंट परत फिरकत नाही, बरा झाला की दुसऱ्या डॉक्टरकडे गेला ते कळतच नाही, तशी गत. "सर, कॅर लावल्यावर झालं, जुन्या चार टेबलांतही तीच अडचण होती, तीही दुरुस्त केली" एवढी ओळ टाक. मेंटॉरला पगार यासाठी मिळत नाही, त्याला हीच ओळ मिळते. शिवाय ती माहिती प्रोजेक्टच्या रीडमीत (माहितीच्या फायलीत) चार ओळींत लिहून ठेव, म्हणजे पुढच्या फ्रेशरला विचारावं लागणार नाही. अशा मुलीला सर आपणहून बोलावून शिकवतात.

तीस कॉमेंट. ऐक, तुझ्या कोडवर तीस कॉमेंट टाकायला त्या माणसाला एक तास तरी लागला असणार. ज्याला तुझ्याशी देणंघेणं नाही तो 'ठीक आहे' लिहून मर्ज दाबतो, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये घेऊन टाकतो. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्सनं २००५ साली कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट बनवलं ते लिनक्सच्या कामासाठी. त्या लिनक्समध्ये आजही बदल ईमेलनं सगळ्यांसमोर पाठवले जातात आणि त्यावर उघडपणे शेरे येतात. वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांचेही बदल पहिल्या फटक्यात घेतले जात नाहीत, दुसरी आवृत्ती, तिसरी, पाचवी अशा पाठवाव्या लागतात. त्यात कुणी कुणाच्या घराण्याचा उद्धार केला असं मानत नाही. (पूर्वी खुद्द टॉरव्हाल्ड्स तो करायचे. २०१८ मध्ये त्यांनी त्याबद्दल माफी मागितली, तो विषय वेगळा.)

तरी तीस हा आकडा कमी करता येतो. रिव्ह्यूला पाठवायच्या आधी स्वतःचा डिफ (काय काय बदललं ते दाखवणारी यादी) सरांच्या नजरेनं एकदा वाच. राहिलेली प्रिंटची ओळ, कॉमेंट करून ठेवलेला जुना कोड, 'टेम्प२' नावाचं व्हेरिएबल हे तुलाच सापडेल. तेवढ्यानंच पंधरा कमी होतील. एका पुल रिक्वेस्टमध्ये (बदल तपासून घ्या म्हणून पाठवलेल्या विनंतीत) एकच काम ठेव. चाळीस फायलींचा गठ्ठा पाठवलास तर सरांनी तो वाचायचा कधी? आणि कमिट मेसेजमध्ये (बदलासोबतच्या टिपेत) 'फिक्स', 'फायनल फिक्स', 'फायनल फायनल' असलं लिहू नकोस, का बदललं ते लिही. उरलेल्या कॉमेंटपैकी एकही न वाचल्यासारखी सोडू नकोस. पटली तर 'केलं', पटली नाही तर 'सर, इथं असं ठेवलं कारण', कळली नाही तर सरळ 'हे कळलं नाही'. तीच कॉमेंट तिसऱ्यांदा आली तर मात्र मीही चिडेन.

चहाचा मुद्दा तू एका ओळीत उरकलास, पण मला तो हलका वाटत नाही. टपरीवर कामाचं बरंच ठरतं हे खरं आहे. कोणता ग्राहक कटकट्या, कोणता मोड्यूल कुणी घाईत लिहिला, पुढच्या महिन्यात काय येणार, हे मीटिंगमध्ये कळत नाही. आणि आपल्याकडे टपरीवर उभं राहणं मुलाला सहज जमतं, मुलीला दहा नजरा झेलाव्या लागतात. तुला जमत असेल तर खुशाल जा, चहा काही कुणाच्या नावावर लिहिलेला नाही. जमत नसेल तर त्याची भरपाई ऑफिसात मागून घे. सरांना सांग की आठवड्यातून अर्धा तास ठरवून द्या, बुधवारी सकाळी वगैरे, मी प्रश्न लिहून आणते. हे मागणं तुझा हक्क आहे, मेंटॉर म्हणून त्यांना कंपनीनंच नेमलंय. त्या अर्ध्या तासात फक्त एरर काढू नकोस. टपरीवरचंही विचार, हे असं का बांधलंय, आधी काय होतं, पुढं काय येतंय. आणि त्या मुलाशी फटकून राहू नकोस. काय बोलणं झालं ते त्याला विचारलंस तर तो सांगेल, बहुतेक मुलं एवढी कोती नसतात.

एआयबद्दल थोडक्यात. विचार, मीही विचारते. पण त्यानं दिलेल्या कोडमधली प्रत्येक ओळ सरांना समजावून सांगता येत नसेल तर ती तुझ्या नावानं चढवू नकोस. "हे इथं का?" असं विचारल्यावर "एआयनं दिलं" हे उत्तर नाही. ग्राहकांचा डेटा, शेतकऱ्यांची नावं, बँक खाती, पासवर्ड असलं काही त्यात कधीच टाकायचं नाही. आणि तुझ्या बाबतीत मला दुसरीच काळजी आहे. तू एआयकडे जातेस ती ते हुशार आहे म्हणून नव्हे, त्याच्यासमोर लाज वाटत नाही म्हणून. त्याला तुमची क्वेरी दाखवलीस तर ट्रंक तेही पकडेल. पण तो कॉलम तसा का आहे, ते ट्रंक कुणी कोणत्या अडत्याच्या हट्टापायी घातलं, हे फक्त सर सांगतील.

इंग्रजीचं तू लिहिलं नाहीस, पण पाथरीहून आलेल्या मुलीच्या मनात ते असतंच. सरांना प्रश्न मराठीत विचार. टिकीट (कामाची नोंद) आणि कमिट मेसेज इंग्रजीत असू दे, तिथं साधी चार शब्दांची वाक्यं पुरतात.

आता सरांची बाजू किती धरून ठेवायची? माझ्या मते दोन-तीन महिने. वर सांगितलं तसं करून बघ. तयारीनं विचारलेल्या प्रश्नालाही "गूगल कर" येत असेल, ठरवलेला अर्धा तास दर आठवड्याला बुडत असेल, सगळ्यांसमोर बोलणं नेहमीचं होत असेल, तर माणूस बदलून मागायचा. मॅनेजरला भांडणाच्या सुरात नको, "मला डेटाबेसच्या कामात अमुक यांच्याबरोबर बसायला मिळेल का" असं म्हण. आणि अंगाशी येणारं, घाणेरडं बोलणं, अवेळी वैयक्तिक मेसेज असलं काही असेल तर दोन महिने सोड, दोन दिवसही थांबू नकोस. दहा किंवा जास्त माणसांच्या कंपनीत अंतर्गत तक्रार समिती असणं २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. तुझ्या पत्रात तसं काही दिसत नाही, पण हे सदर वाचणाऱ्या इतर मुली आहेत.

तसंही सगळं एकाच माणसाकडून शिकायचं असं कुणी सांगितलं? क्वेरी सरांकडून, टेस्टिंग त्या शेजारच्या टेस्टरताईकडून. तिला तुमच्या सॉफ्टवेअरच्या खोड्या सरांपेक्षा जास्त माहीत असतात आणि तिला कुणी विचारत नाही. धंद्याचं कळायचं असेल तर एखाद्या दिवशी परवानगी काढून मोंढ्यात जा, अडत्याचा मुनीम पट्टी कशी करतो, हमाली-तोलाई कुठं कापतो ते उभं राहून बघ. ओपन सोर्सचा, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरचा, रस्ताही आहे. गूगल समर ऑफ कोड हा ओपन सोर्स संस्थांसाठी कोड लिहिण्याचा गूगलचा उपक्रम २००५ पासून चालू आहे, त्यात संस्थेचा मेंटॉर मिळतो, मानधनही मिळतं, आणि २०२२ पासून विद्यार्थीच असण्याची अट राहिलेली नाही. ओपन सोर्समध्ये नवीन असलेल्या माणसाला चालतं. नोकरी सांभाळून करायचं तर कंपनीला आधी विचारावं लागेल. पण अर्ज नाही केलास तरी त्या संस्थांच्या जुन्या चर्चा उघड्या असतात. नवख्या लोकांनी कसे प्रश्न विचारले, कुणाला उत्तर मिळालं आणि कुणाला नाही, हे वाचायला पैसे पडत नाहीत.

राहिले साठ हजार. तुझ्यात कमी आहे ती बोलण्याची, आणि ती कुठला क्लास भरून काढणार नाही. तिथंही तू हप्ता भरून 'हो सर'च म्हणशील. नोकरीच्या हमीवर माझा विश्वास नाही. दुसऱ्याच्या कंपनीत कुणाला घ्यायचं याची हमी क्लासवाला कोणत्या अधिकारानं देतो? बाबांना हे असंच विचार. तरीही त्यांचा आग्रह असेल तर क्लासवाल्यांकडून तीन गोष्टी लेखी माग. शिकवणाऱ्या माणसाचं नाव आणि तो सध्या कुठं काम करतो, तो आठवड्याला किती वेळ तुझा कोड स्वतः वाचणार, आणि नोकरी लागली नाही तर किती दिवसांत किती पैसे परत. हप्ता म्हणजे बऱ्याच ठिकाणी तुझ्या नावावर काढलेलं कर्ज असतं, क्लास सुटला तरी ते फेडावं लागतं, तेव्हा सही करायच्या आधी कागद कुणाच्या नावाचा आहे तेही बघ. "मॅडम, आज रात्री बारापर्यंतच ऑफर आहे" असं म्हणाले तर फोन ठेवून दे.